मोत्याच्या मागे लागलेला माणूस

स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब उघड्या शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, असे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले. पुढे थेंबाची जागा वाळूच्या कणाने घेतली. कण आत टोचतो, जीव हैराण होतो आणि त्याभोवती चकचकीत लेप चढवतो, ही गोष्ट अजूनही बहुतेकांना खरी वाटते. पण समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या शिंपल्यात रोजच वाळू जाते आणि तो ती निमूटपणे बाहेर टाकतो. वाळूने मोती होत असता तर किनाऱ्यावर मोत्यांचा खच पडला असता. कोकिची मिकिमोतो या जपानी माणसाने आयुष्याची कित्येक वर्षे आणि जवळचा सारा पैसा घालवला, तो या प्रश्नाच्या खऱ्या उत्तरासाठी.

मिकिमोतोचा जन्म 1858 चा, जपानच्या शिमा प्रांतातल्या तोबा या बंदराच्या गावचा. वडिलांचे उदोनचे, म्हणजे जाड शेवयांचे, छोटे दुकान होते. घरात खाणारी तोंडे फार. कोकिची थोरला, त्यामुळे शाळा तेराव्या वर्षाच्या सुमारास सुटली आणि डोक्यावर भाजीची पाटी आली. तोबात एक इंग्रजी जहाज आले, तेव्हा पायांवर वस्तू फिरवण्याची कसरत करून दाखवत त्याने खलाशांना भाजी विकली, अशी एक हकीकत सांगतात. त्याच्या पुढच्या आयुष्याकडे पाहता ती खोटी वाटत नाही. आपला माल लोकांच्या डोळ्यांत भरवण्याची कला त्याला उपजतच होती.

1878 मध्ये तो तोकियो आणि योकोहामा पाहून आला. आपल्या गावच्या समुद्रातून निघणारे इवलेसे मोती तिथे परदेशी व्यापारी केवढ्या किमतीला घेतात, हे त्याने पाहिले. शिमाच्या किनाऱ्यावर अकोया नावाचे शिंपले मिळत. श्वास रोखून बुड्या मारणाऱ्या ‘आमा’ स्त्रिया ते वर आणत. पण भाव चढला तशी ओरबाडणीही वाढली आणि शिंपले दिसेनासे होऊ लागले. मग ते पाळावेत, असे मिकिमोतोच्या मनाने घेतले. 1888 मध्ये पत्नी उमे हिच्यासह त्याने आगो उपसागराच्या परिसरात शिंपल्यांची शेती सुरू केली.

शिंपले वाढले, पण त्यांत मोती मात्र होईनात. 1890 मध्ये तोकियोच्या विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक काकिची मित्सुकुरी यांच्याशी त्याची भेट झाली. शिंपल्यात बाहेरची वस्तू घालून मोती करवणे तत्त्वतः शक्य आहे, हे त्याला त्यांच्याकडून समजले. कल्पना नवी नव्हती. चीनमध्ये गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत बुद्धाच्या चपट्या प्रतिमा सरकवून त्यांवर मोत्याचा थर चढवण्याचा उद्योग शतकानुशतके चालत आला होता. मिकिमोतो काच, माती, हाड, धातू, शिंपल्याचे तुकडे, जे हाती येईल ते आत घालून पाहू लागला. कित्येक शिंपल्यांनी ते बाहेर फेकले, कित्येक मेले. 1892 मध्ये ‘तांबडी लाट’ आली. सूक्ष्म शैवालांची अतोनात वाढ होऊन पाणी तांबूस होते, त्यातला प्राणवायू संपतो आणि शिंपल्यांसारखे जागचे न हलणारे जीव गुदमरून मरतात. त्याच्या शेतीचा मोठा भाग एका फटक्यात गेला.

तोबाजवळच्या एका बेटाशी ठेवलेले काही शिंपले तेवढे वाचले. 11 जुलै 1893 या दिवशी त्यांतलाच एक उघडला, तेव्हा कवचाच्या आतल्या बाजूला अर्धा मोती चिकटलेला दिसला.

अर्धाच का, हे समजायचे तर शिंपला आपले घर कसे बांधतो ते पाहायला हवे. कवचाच्या आतून एक पातळ, मऊ पडदा असतो, त्याला प्रावार म्हणतात. कवच तयार होते ते या प्रावाराच्या पेशींमुळे. समुद्राच्या पाण्यातून शरीरात आलेले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट या पेशी कवचाच्या बाजूला पोहोचवतात आणि तिथे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक धरतात. अंड्याचे टरफल आणि संगमरवर यांतही हेच द्रव्य आहे. पण शिंपल्याचे कसब असे, की एकाच द्रव्यातून तो दोन वेगळी खनिजे घडवतो. बाहेरच्या थरात कॅल्साइटचे उभे खांब, तर आतल्या चमकदार थरात अॅरागोनाइटच्या चपट्या फरश्या. आधी प्रथिने आणि कायटिन यांचे तलम पापुद्रे पसरतात, मग त्यांच्यामधल्या जागेत या फरश्या वाढतात. एक फरशी जेमतेम अर्धा मायक्रॉन जाडीची, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीत शंभराहून अधिक मावतील. प्रकाशाच्या लहरींची लांबीही याच मापाची असल्याने थराथरांतून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि मोत्यावर ती गुलाबी-हिरवी झाक खेळते. मोत्यात रंग फारसा नसतो, रचना असते. या थरात सेंद्रिय भाग अवघा पाच टक्क्यांच्या आसपास, पण भिंतीतल्या गाऱ्याप्रमाणे तो भेगा अडवतो. त्यामुळे नुसत्या अॅरागोनाइटपेक्षा हा थर कितीतरी पट चिवट असतो. कॅल्साइट करायचे की अॅरागोनाइट, हे पेशींनी सोडलेली प्रथिने ठरवतात. 1996 मध्ये संशोधकांनी शिंपल्यांतून अशी प्रथिने वेगळी काढून त्यांच्या मदतीने प्रयोगशाळेत हवे ते खनिज मिळवून दाखवले.

मिकिमोतोने मणी ठेवला होता कवच आणि प्रावार यांच्यामध्ये. प्रावार मण्याच्या एकाच अंगाला टेकत होता, म्हणून लेपही एकाच अंगाला चढला. अर्ध्या मोत्याचे पेटंट त्याला 1896 मध्ये मिळाले. त्याच वर्षी उमे गेली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. पहिल्या नापिकीची सगळी वर्षे तिने सोबत काढली होती. पैसा येऊ लागला तो नंतर.

गोल मोत्यासाठी मण्याला सगळीकडून प्रावाराच्या पेशींनी वेढायला हवे. त्या पेशी मण्याभोवती पिशवी करतात आणि कवच बांधावे तसा आतल्या बाजूला थर चढवत राहतात. म्हणजे मणी निमित्तमात्र, मोती करणाऱ्या असतात त्या पेशी. नैसर्गिक मोत्यातही प्रावाराच्या काही पेशी कुठल्याशा परजीवीमुळे किंवा जखमेमुळे भलत्या जागी जाऊन पडतात, तेव्हाच ही पिशवी तयार होते. मिकिमोतोबरोबर काम करणाऱ्या ओतोकिची कुवाबारा या दंतवैद्याच्या हातून पद्धत बसली. एका शिंपल्याचा प्रावार काढायचा, त्यात मणी पूर्ण गुंडाळून दोऱ्याने बांधायचा आणि ते गाठोडे दुसऱ्या शिंपल्यात रोवायचे. 1905 मध्ये पुन्हा तांबडी लाट आली आणि सुमारे साडेआठ लाख शिंपले मेले. त्या कुजक्या ढिगात मिकिमोतो आणि त्याची माणसे बसून राहिली, एकेक शिंपला उघडत राहिली. त्यांत पाच गोल मोती निघाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. संवर्धित मोत्याचा जनक म्हणून जग एकट्या मिकिमोतोचे नाव घेते, ते पूर्ण खरे नाही. तात्सुहेई मिसे हा सुतार आणि तोकिची निशिकावा हा प्राणिशास्त्रज्ञ यांनी स्वतंत्रपणे त्याच सुमारास फार सोपी युक्ती काढली. अख्ख्या प्रावाराची गरज नाही, त्याचा दोन-तीन मिलिमीटरचा चौकोनी तुकडा मण्याला चिकटवून ठेवला तरी पुरतो, पेशी वाढत जाऊन पिशवी पुरी करतात. निशिकावा मिकिमोतोचाच जावई. तो 1909 मध्ये तरुण वयात वारला. आज सगळीकडे चालते ती मिसे-निशिकावा पद्धत. मिकिमोतोची गाठोड्याची रीत एका मोत्यासाठी एका शिंपल्याचा बळी घेई, ती मागे पडली. त्याचे मोठेपण आहे ते चिकाटीत, कारभारात आणि बाजारातल्या हिकमतीत.

आणि बाजारात खरी लढाई पुढेच होती. 1921 मध्ये त्याचे गोल मोती लंडन आणि पॅरिसच्या सराफ्यात पोहोचले, तेव्हा व्यापाऱ्यांनी ते नकली ठरवून ओरड केली. पॅरिसचे प्रकरण कोर्टात गेले. प्रश्न कायद्याचा होता, पण उत्तर जीवशास्त्राकडे होते. फ्रान्सचे लुई बुताँ आणि इंग्लंडचे लिस्टर जेम्सन या प्राणिशास्त्रज्ञांनी सांगितले, की तोच प्राणी, त्याच पेशी, तेच अॅरागोनाइट, थर बांधण्याची रीतही तीच. माणसाने केली ती फक्त सुरुवात. 1924 मध्ये निकाल मिकिमोतोच्या बाजूने लागला. आतला मणी पाहायचा तर क्ष-किरणांचा आधार घ्यावा लागतो, वरून फरक कळत नाही.

या निकालाची झळ आपल्यापर्यंतही आली. इराणच्या आखातातले, आपण ज्यांना बसऱ्याचे म्हणतो ते मोती, मुंबईच्या झवेऱ्यांच्या हातून जगभर जात. 1929 नंतरची मंदी आणि जपानी मोती यांच्या कात्रीत तो धंदा पार बसला. बहरीन-कुवेतच्या पाणबुड्यांची उपजीविका गेली. मिकिमोतोच्या यशाची ही किंमत त्याच्या गौरवकथांत सहसा दिसत नाही.

हिणकस जपानी मालाने भाव पडू लागला, तेव्हा 1932 मध्ये त्याने कोबे शहरात भर चौकात सुमारे सात लाख वीस हजार मोती आगीत टाकले. त्याची ही जाहिरात साऱ्या जगातल्या वर्तमानपत्रांनी फुकट छापली! कॅल्शियम कार्बोनेट पुरेसे तापले की त्याचा चुना होतो. कोकणात शिंपले भाजून बांधकामाचा चुना करत, कोबेतली रसायनक्रिया त्याहून वेगळी नव्हती.

मिकिमोतो 21 सप्टेंबर 1954 रोजी, वयाच्या 96 व्या वर्षी वारला. रोज सकाळी दोन मोती गिळतो म्हणून आपली प्रकृती ठणठणीत आहे, असे तो पाहुण्यांना सांगे. यात विक्रेता किती आणि श्रद्धाळू किती, देव जाणे. जठरातले आम्ल मोती विरघळवते आणि त्यातले कॅल्शियम थोडेफार शरीराला मिळते, इतके खरे. चार मिलिमीटरच्या दोन मोत्यांचे वजन भरेल साधारण 180 मिलिग्रॅम, त्यात कॅल्शियम सत्तरेक मिलिग्रॅम. वाटीभर दुधात याच्या दुपटीहून अधिक असते.