लक्ष्मणराव किर्लोस्कर : यंत्राला न भिणारा माणूस

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे अध्यक्षाबाईंनी मला सांगितले. संत आणि राण्या यांच्यावर दरवर्षी कोणीतरी लिहितेच. मी यंत्रे बनविणाऱ्या एका माणसावर लिहिणार आहे. त्याचे कारण आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी ऐन रोवणीत पावसाने दडी मारली. घरचे खाणीत पाळीवर होते. विहिरीवरचे डिझेल इंजिन चालता चालता बंद पडले. टाकी रिकामी झाली होती. मी डिझेल भरले, हँडल मारून मारून हात दुखले, तरी इंजिन हूं की चूं करीना. तुमसरहून मिस्त्री तिसऱ्या दिवशी आला. त्याने गाळणीजवळचा एक स्क्रू सैल केला, बुडबुडे येईतो डिझेल वाहू दिले, बुडबुडे थांबताच स्क्रू आवळला. पहिल्याच हँडलला इंजिन लागले. टाकी कोरडी पडल्यामुळे नळीत हवा शिरली होती, एवढेच. दहा मिनिटांचे काम; पण तीन दिवसांत आमची एक बांधी वाळून गेली. चूक इंजिनाची नव्हती, माझ्या भीतीची होती. तेव्हापासून लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र मला फार जवळचे वाटते.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेत मन रमेना. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे हे दोनच नाद. १८८५ साली वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, खर्चाचा भार थोरले बंधू रामूअण्णांनी उचलला. पुढे असे आढळले की त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने हा घाला होता. पण रेषेला रंग लागत नाही! त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या धरली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. तेथील यंत्रे खोलायची, पुन्हा जोडायची, परदेशी यांत्रिक मासिके वाचायची, असा त्यांचा अभ्यास चाले.

१८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकून लोकांना चालवायलाही शिकवीत. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्याला जागा दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीच सोडली.

बेळगावात त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. अशातच शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही तेथे विश्वासाने रखवालीचे काम मिळाले. अशा ओसाड जागी प्रपंच मांडणाऱ्या राधाबाईंची आठवण आपण बायकांनी तरी ठेवावयास हवी.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळाल्या आणि त्यांचे नांगर झाले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी झाली. पुढे पंपही निघू लागले. अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आलेले चिरंजीव शंतनुराव यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात डिझेल इंजिनांची कंपनी निघाली. त्यामुळे बैलांच्या मोटेवर चालणाऱ्या कितीतरी विहिरींवर इंजिनाचा आवाज घुमू लागला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळाला ठाऊक असावी. त्यांचे पुतणे शंकरराव यांनी १९३० साली याच वाडीतून 'स्त्री' मासिक सुरू केले. नांगर घडले त्याच गावातून बायकांसाठी वाचनही निघाले.

आपला चिखला तर मँगनीजचा गाव. आपल्या भूमीतून निघणारे हे खनिज पोलादाला बळकटी देते. मग पोलादाच्या यंत्राला आपण परके का मानावे? डिझेल इंजिनात ठिणगीची गरज नसते. आत घेतलेली हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडताच ते पेटते. हे एकदा कळले की बाकीचे ओघाने येते. हवेची गाळणी धुळीने कोंदली तर इंजिन काळा धूर ओकते. ऑईल वेळेवर बदलले नाही तर आतले भाग झिजतात. थंड करणारे पाणी थांबले तर इंजिन तापून जाम होते. इंजिन चालते पण पाणी चढत नाही, तर आधी विहिरीतला फुटव्हॉल्व्ह पाहावा. तेथे कचरा अडकून पंपातले पाणी उतरून गेलेले असते. आणि कोणतेही फिरते यंत्र पुरते थांबल्यावाचून हात घालू नये, पदर घट्ट खोचावा.

आता आमची टाकी मी कोरडी पडू देत नाही. पडलीच तर हवा मीच काढते. मोठी दुरुस्ती मिस्त्रीचीच, तेथे मी हात घालीत नाही. शिवणवर्गाप्रमाणे मंडळाने पुढील वर्षी रोवणीआधी चार दिवसांचा इंजिनाचा वर्गही काढावा, अशी माझी विनंती आहे. आमचे इंजिन त्यासाठी खोलायला मी देईन.