‘ध’चा ‘मा’, तोतया आणि लॉगिनचे टोकन : नाना फडणवीसांच्या आयुष्यातून समजून घ्या वेब टेस्टिंगचा अवघड धडा

बीड, गेवराई, अंबाजोगाईहून पुण्याला जाऊन सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामाला लागलेल्या मुलामुलींना लवकरच एक अडचण भेटते. संकेतस्थळ तपासण्यासाठी लिहिलेली स्वयंचलित स्क्रिप्ट अर्ज भरते, बटणे दाबते, याद्या मोजते. पण लॉगिनच्या दारात येऊन अडते. पासवर्ड कुठे ठेवायचा, ओटीपी कोण टाकणार, लॉगिननंतर मिळणारे टोकन किती वेळ चालणार, ते दुसऱ्याच्या हाती लागले तर काय? प्रश्न संगणकाचे दिसतात, पण जुने आहेत. समोरचा माणूस खरा कोण, त्याने आणलेला कागद खरा का आणि त्या कागदावर त्याला काय करता येते, याच तीन प्रश्नांशी झुंजण्यात बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस यांची पंचवीसेक वर्षे गेली.

टोकन म्हणजे नेमके काय?

सरकारी दवाखान्यात खिडकीवर एकदा नाव सांगितले की केसपेपर मिळतो. पुढे डॉक्टर, रक्ततपासणी, औषधांची खिडकी, सगळीकडे तोच दाखवायचा; पुन्हा पुन्हा कोणी ओळख विचारत नाही. टोकन तसेच. तुम्ही पासवर्ड किंवा ओटीपी एकदा देता, सर्व्हर खात्री करतो आणि अक्षरांची एक लांबलचक माळ देतो. त्यानंतरच्या प्रत्येक विनंतीबरोबर मोबाइल गुपचूप तीच दाखवत राहतो. सोय मोठी आहे आणि धोकाही तिथेच आहे. टोकन ज्याच्या हाती, त्यालाच सर्व्हर मालक समजतो. पीकविमा, शिष्यवृत्ती, सातबारा हे सगळे आज अशाच दारांमागे आहे.

फडणीस काय करत असे?

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यात झाला. घराणे मूळचे कोकणातले. आजोबा बाळाजी महादेव हे पेशवे बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेले आणि १७१९ मध्ये तिथेच मारले गेले. घरात फडणिशी होती, म्हणजे जमाखर्च आणि दफ्तर. नाना एकोणिसाव्या वर्षात असताना आई आणि पत्नीसह पानिपतच्या मोहिमेत होते. १४ जानेवारी १७६१ च्या संहारातून ते कसेबसे निसटले; आई परत आली नाही. थोर घराण्याची एकही खूण अंगावर न ठेवता पळण्याचा तो अनुभव त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला.

दोन वर्षांनी, १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले. पेशव्यांची मंडळी सिंहगडावर गेली होती. गडाखालच्या वस्तीला लागलेल्या आगीत कागदपत्रेही गेली. त्याचा वचपा निघाला तो आपल्या बीड जिल्ह्यात. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवन इथे, गोदावरीच्या काठी, माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर लढाईत पडला. त्या विजयाने माधवरावांची कारभारावरची पकड घट्ट झाली आणि त्यांच्या छायेत नानांचे फडणिशीतले वजन वाढत गेले.

फडणिशी हे नुसते कारकुनाचे काम नव्हते. सनद, वराता, खर्चाचा हुकूम दफ्तरातून नोंद होऊन पुढे जात. पत्रावर मुद्रा उमटे आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब, म्हणजे इथे लेखन थांबले, याखाली कोणी काही वाढवू नये याची खूण. आपण बोलताना सहज म्हणतो तो शिक्कामोर्तब शब्द तिथून आला. राजमुद्रा मजकूर लपवत नव्हती, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे. आजचे जेडब्ल्यूटी नावाचे टोकनही तसेच असते. त्याचे तीन तुकडे, मध्ये टिंबे. पहिल्यात प्रकार, दुसऱ्यात तुमचा क्रमांक, अधिकार आणि मुदत, तिसऱ्यात सर्व्हरची सही. पहिले दोन तुकडे कोणीही उलगडून वाचू शकतो. म्हणून टोकनच्या पोटात आधार क्रमांक किंवा पासवर्ड ठेवणे हा शुद्ध वेडेपणा.

एक अक्षर बदलले तर?

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. रघुनाथरावांच्या चिठ्ठीत धरावे असे होते आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, ही कथा मराठी मुलखात सर्वांना पाठ आहे. ती कागदोपत्री सिद्ध झालेली नाही आणि एका बाईवर सगळे खापर फोडणे दरबारातल्या अनेकांच्या सोयीचे होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष ठेवला तो रघुनाथरावांवर.

पण कथा टिकली, कारण तिच्यातली भीती खरी आहे. मोर्तब शेवटी जोडलेला मजकूर अडवते. मधले अक्षर खोडून दुसरे घातले तर ते ओळखायला नजर लागते. टोकनवरची सही इथे वरचढ ठरते. ती सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेली असते. एक अक्षर हलले की सही जुळत नाही.

जुळत नाही खरी, पण सर्व्हर ती जुळवून पाहतो का? हे तपासणे टेस्टरचे काम. म्हणून चांगल्या स्वयंचलित तपासणीत स्क्रिप्ट स्वतःच ‘ध’चा ‘मा’ करते. साध्या वापरकर्त्याच्या टोकनमध्ये अधिकाऱ्याची भूमिका घालते आणि ते पाठवते. सही हा तुकडाच काढून टाकते आणि पहिल्या तुकड्यात सहीची गरज नाही असे लिहून पाहते. दोन्ही वेळा उत्तर ४०१ यायला हवे, म्हणजे तू कोण हेच पटलेले नाही. आत प्रवेश मिळाला तर त्या दिवसापुरते बाकी सगळे काम बाजूला ठेवावे. बरेच संघ फक्त खरे लॉगिन यशस्वी होते का एवढेच तपासून हिरवी खूण करतात. ते मला दाराची कडी लागते का हे न पाहता दार उघडते म्हणून खूश होण्यासारखे वाटते.

रद्द झालेली वस्त्रे मुंबईत कशी चालली?

खुनानंतर ऑक्टोबर १७७३ मध्ये रघुनाथरावांना साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मिळाली. म्हणजे टोकन खरे, योग्य ठिकाणाहून आलेले. नाना, सखारामबापू बोकील आणि इतरांनी बारभाईंचे कारस्थान उभे केले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्या बाळाला, सवाई माधवरावाला, पेशवाईची वस्त्रे मिळाली. पाळण्यातल्या पेशव्याच्या नावाने कारभारी काम पाहू लागले. जुने टोकन रद्द झाले.

पण रद्द झाल्याचे मान्य कोण करणार? रघुनाथराव आपला जुना दावा घेऊन इंग्रजांच्या मुंबईकडे गेले आणि तिथे तो चालला. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, युद्ध पेटले.

जेडब्ल्यूटी प्रकारच्या टोकनची दुखरी नस हीच. त्याची सही खरी असल्याने, मुदत संपेपर्यंत ते प्रत्येक सर्व्हरला खरेच वाटते. तुम्ही लॉगआउट दाबले तरी मोबाइलमधली प्रत पुसली जाते, एवढेच. कोणी आधीच चोरून ठेवलेली प्रत जिवंत राहते. उपाय दोन. मुदत थोडी, पंधरा-वीस मिनिटांची ठेवायची आणि नवे टोकन मिळवायला वेगळे, जपून ठेवलेले रिफ्रेश टोकन द्यायचे. किंवा रद्द टोकनांची यादी ठेवून प्रत्येक दाराशी ती पाहायची. स्क्रिप्टने टोकन घ्यावे, लॉगआउट करावे आणि तेच टोकन घेऊन पुन्हा दार ठोठवावे. मुदत संपल्याची तपासणी करायला तासभर वाट पाहत बसायची गरज नाही. चाचणीच्या सर्व्हरवर मुदत काही सेकंदांची करता येते.

तोतया दोनदा कसा उभा राहिला?

पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ जिवंत आहेत, ही आशा महाराष्ट्र सोडायला तयार नव्हता. पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. अशा दुःखावर एक तोतया उभा राहिला. माधवरावांच्या काळात त्याला धरून पुण्यात चौकशी झाली, तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण असल्याचे ठरले आणि त्याला कैदेत टाकले. प्रकरण मिटायला हवे होते. पण १७७६ मध्ये रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून मिरवले. कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले. एकदा खोटा ठरलेला दावा दुसऱ्या दारी खरा म्हणून चालला. अखेर शिंद्यांच्या आणि पेशव्यांच्या फौजांनी त्याला मोडले, रघुजी आंग्रे यांनी पकडून दिले, पुण्यात पुन्हा उघड चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला.

चेहरा सारखा असणे ही ओळख नव्हे, हे नाना जाणून होते. चौकशी त्या माणसाला ओळखणाऱ्यांसमोर झाली. आज पासवर्डच्या जोडीला ओटीपी मागतात तो याच कारणाने. पण इथेच स्वयंचलित तपासणीची पंचाईत होते, कारण स्क्रिप्टकडे मोबाइल नसतो. घाईत काही जण ओटीपीची पायरीच बंद करतात आणि तो बदल चुकून खऱ्या संकेतस्थळावर जातो. मग तोतयाला कोणीच विचारत नाही. त्यापेक्षा चाचणीच्या सर्व्हरवर फक्त चाचणीच्या खात्यांसाठी ठरलेला ओटीपी ठेवावा, किंवा वेळेवर बदलणारा क्रमांक स्क्रिप्टनेच गणिताने काढावा. लॉगिनचा पडदा एका वेगळ्या चाचणीत नीट तपासावा. बाकीच्या शंभर चाचण्यांनी दरवेळी पासवर्ड टाइप करत बसू नये. सुरुवातीला एकदा लॉगिन करून ब्राउझरची स्थिती साठवावी आणि तीच पुढे वापरावी. प्लेराइटमध्ये ही सोय तयारच आहे, सेलेनियममध्ये कुकी साठवून ती साधता येते. एकाच वेळी दहा चाचण्या चालणार असतील तर दहा खाती हवीत, नाहीतर एकीने केलेले लॉगआउट दुसरीला बाहेर फेकते आणि दोष नसताना लाल खूण दिसते.

ही साठवलेली फाइल, हे पासवर्ड मात्र कोडमध्ये, गिटवर किंवा ग्रुपमध्ये टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये जाता कामा नयेत. त्यांची जागा कोडच्या बाहेर, कुलूपबंद गुपितांच्या कप्प्यात.

सही खरी, पण अधिकार?

सुरतेचा तह मुंबईने केला होता. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने तो अमान्य केला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौज कोंडली गेली, तिच्या पुढाऱ्यांनी तहावर सह्या केल्या आणि सुटून गेल्यावर कंपनीने सांगितले की सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता. माणसे खरी, सह्या खऱ्या, तरी कागद फोल. नानांना हा फटका चांगलाच बसला. युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले.

ओळख पटणे आणि अधिकार असणे या दोन गोष्टी आहेत. तलाठ्याचे टोकन खरे असले तरी त्यावर तहसीलदाराचा आदेश निघता कामा नये. तिथे उत्तर ४०३, म्हणजे तू कोण ते कळले, पण हे तुझे काम नाही. म्हणून स्क्रिप्टकडे प्रत्येक भूमिकेचे वेगळे खाते लागते. सगळ्या चाचण्या अॅडमिनच्या एकाच टोकनवर चालवणाऱ्याला ही चूक कधी दिसणारच नाही.

खर्ड्यानंतर काय झाले?

मराठवाडा निजामाचा, पण दख्खनच्या सुभ्यांतून चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांची. त्यामुळे बीडकडच्या रयतेला दोन सत्तांचे कागद ओळखावे लागत. थकलेल्या चौथाईवरून ११ मार्च १७९५ रोजी बीडच्या हद्दीजवळ खर्ड्याला लढाई झाली आणि निजाम हरला. नानांच्या सत्तेचा हा कळस. सात महिन्यांत सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले आणि ज्याच्या नावाने नाना हुकूम काढत होते ते नावच उरले नाही.

दुसऱ्या बाजीरावाच्या वाटेवरच्या कटांत नाना कधी आत, कधी बाहेर होते. ३१ डिसेंबर १७९७ रोजी ते दौलतराव शिंद्यांच्या गोटात गेले ते मायकेल फिलोज या युरोपीय सरदाराने सुरक्षिततेची हमी दिली म्हणून. हमी देणाऱ्यानेच त्यांना धरले. आयुष्यभर कागद तपासणारा माणूस अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत पडला तो दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून. लॉगिनसाठी बाहेरच्या सेवेवर भिसणाऱ्या संकेतस्थळांनाही ही जोखीम असते. त्या सेवेकडून आलेले टोकन आपल्यासाठीच काढले आहे का, हे आपल्या सर्व्हरने पाहायचे असते आणि दुसऱ्या संकेतस्थळासाठीचे टोकन देऊन ते तपासायचे असते.

पैसे भरून नाना १७९८ मध्ये सुटले, पुन्हा कारभारात आले आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले. बाजीरावाच्या काळात सरकारी दफ्तराची आबाळ झाली. नानांचे स्वतःचे कागद मात्र वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात राहिले आणि शंभर वर्षांनी इतिहास संशोधकांच्या हाती आले.