अंध मुलांचे गुरुजी लुई ब्रेल

दरवर्षी ४ जानेवारी हा दिवस जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो. बोटांनी वाचण्याच्या लिपीचे जनक म्हणून लुई ब्रेल यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते जन्मभर अंध मुलांचे शिक्षक होते, याचे स्मरण क्वचितच होते. आज आम्ही त्यांच्या जीवनाच्या याच बाजूकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

लुई यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळील कूव्रे या खेड्यात एका श्रद्धावान कॅथोलिक कुटुंबात झाला. वडील घोड्यांचे खोगीर व चामडी साज बनवीत असत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कारखान्यात खेळत असताना चामडे टोचण्याचे हत्यार त्याच्या डोळ्यात शिरले. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत बालकाची दृष्टी पूर्णपणे गेली.

त्या काळी अंध मुलाच्या नशिबी बहुधा भिक्षाच येई. लुईच्या बाबतीत तसे घडले नाही. वडिलांनी लाकडी फळीवर खिळे ठोकून त्याला अक्षरांचे आकार शिकविले. गावचे धर्मगुरू फादर पालुई यांनी त्याला धडे दिले व त्याला गावातील शाळेत डोळस मुलांबरोबर बसविले. १८१९ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, पॅरिसच्या राजकीय अंधशाळेत त्याला प्रवेश मिळाला.

व्हॅलेंटाइन हाऊई यांनी स्थापन केलेल्या त्या शाळेत कागदावर उठविलेली मोठमोठी अक्षरे चाचपून वाचावी लागत. पुस्तके अवजड व मोजकीच असत. शिवाय या पद्धतीने मुलांना स्वतः लिहिता येत नसे. पुढे शार्ल बार्बिए या लष्करी अधिकाऱ्याने बारा ठिपक्यांची एक पद्धत शाळेत आणली. ती ध्वनींवर आधारलेली होती. तीत शुद्धलेखन व विरामचिन्हे यांना स्थान नव्हते आणि एक चिन्ह एका बोटाखाली मावत नसे. लुईने रात्री जागून ती बदलली. १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याची सहा ठिपक्यांची लिपी तयार झाली आणि १८२९ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

त्याच शाळेत ते प्रथम साहाय्यक व १८३३ पासून पूर्ण वेळ शिक्षक झाले. व्याकरण, भूगोल, गणित व संगीत हे त्यांचे विषय होते. पॅरिसमधील संत निकोलस चर्चमध्ये ते ऑर्गनही वाजवीत. गरजू विद्यार्थ्यांना त्यांनी आपल्या तुटपुंज्या पगारातून सढळ हाताने साहाय्य केले.

क्षयरोगाने मात्र त्यांना ऐन तारुण्यात गाठले. दुसरे दुःख लिपीसंबंधी होते. डोळस शिक्षकांना ठिपके वाचता येत नसत. १८४० च्या सुमारास संचालकांनी या लिपीला मज्जाव केला, तरी मुले ती चोरून एकमेकांना शिकवीत राहिली. वर्गात जे पेरले होते ते वर्गातील मुलांनीच जपले. अखेर १८४४ साली नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. ६ जानेवारी १८५२ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, ब्रेल प्रभुचरणी विलीन झाले. शाळेने त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता दिली ती त्यानंतर दोन वर्षांनी. १९५२ साली त्यांचे पार्थिव अवशेष पॅरिसच्या पँथिऑन स्मारकात नेण्यात आले. त्यांचे हात मात्र गावकऱ्यांच्या इच्छेनुसार कूव्रेच्या मातीतच राहिले.

आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. १९५१ साली भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल निश्चित झाली. आज मराठी वाचणाऱ्या अंध बालकाच्या बोटांखाली तेच सहा ठिपके असतात. ब्रेल यांच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त २००९ साली भारत सरकारने दोन रुपयांचे नाणेही काढले.

पाचोडसारख्या गावातील वाचकांना आम्ही एवढेच सुचवू इच्छितो की, कूव्रेही एक खेडेच होते. पित्याने खिळे ठोकले, धर्मगुरूंनी हात धरला, गुरुजींनी बाकावर जागा दिली, म्हणून जगाला ब्रेल लाभले. आपल्या धर्मग्रामात किंवा शेजारच्या वस्तीवर एखादे दृष्टिहीन लेकरू घराच्या कोपऱ्यात बसून राहिले असेल, तर त्याच्या आईवडिलांना भेटावे आणि शाळेची वाट दाखवावी. लुई ब्रेल यांना हीच खरी आदरांजली ठरेल.