तळे नगरपालिकेचे, पाणी कुणाचे?

शेतकरी बंधूंनो, आपल्या विंचूरहून निघालेला रस्ता येवल्यात ज्या चौकात पोचतो, त्या चौकाला विंचूर चौफुलीच म्हणतात. त्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. तिथली मुक्तिभूमी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. घटना लिहिणारे बाबासाहेब सगळ्यांना माहीत असतात. पण याच माणसाच्या आयुष्यातली तेरा वर्षे एका लहानशा गावच्या नगरपालिकेने, तिच्या एका तळ्याने आणि दोन-चार ओळींच्या ठरावाने व्यापली होती, हे फारसे कुणी सांगत नाही. सरपंच, ग्रामसेवक, पंचायत सदस्य मंडळींनी तर ही हकीगत जरूर वाचावी. कारण ठराव करणे हे आपले रोजचे काम आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्याला राहिले. १९०१ च्या सुमारास रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावला खजिनदार म्हणून नोकरीस होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांना भेटायला ही पोरे रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली आणि पुढे बैलगाडीने निघाली. डबा बरोबर होता, पाणी नव्हते. वाटेतल्या टोलनाक्यावर त्यांनी पाणी मागितले, तेही मिळाले नाही. रात्र तशीच उपाशी काढावी लागली. आता बघा, बाप दुष्काळी तलावाच्या कामावर आणि त्याचे लेकरू रस्त्यात तहानलेले! पाणी असणे आणि ते मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मुलाला दहाव्या वर्षीच कळले.

पुढचे शिक्षण सर्वांना ठाऊक आहे. १९१२ साली बी.ए., मग बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ, त्यानंतर लंडन. आपल्या शेतकऱ्यांनी एक गोष्ट मात्र मुद्दाम लक्षात ठेवावी. १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून शेती सुधारणार नाही, शेतीवर असलेला माणसांचा जादा भार उद्योगधंद्यांकडे वळवला पाहिजे आणि जमिनीला भांडवल, अवजारे मिळाली पाहिजेत, असा त्याचा सारांश. आज वाटण्या होऊन गुंठ्यांवर आलेले गट आपण पाहतो, तेव्हा हा विचार किती पुढचा होता हे पटते. प्रांतांच्या उत्पन्न-खर्चावरही त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. सरकारी पैसा कुठून येतो आणि कुणासाठी खर्च व्हायला हवा, याचा अभ्यास असलेला हा माणूस होता. म्हणूनच नगरपालिकेच्या तळ्याचा प्रश्न त्यांना इतरांपेक्षा वेगळा दिसला.

एक ठराव, मग दुसरा

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा एक ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. सरकारने पुढे खात्यांना आणि स्थानिक संस्थांना तसे कळवले. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी गावातले चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर काम झाले.

महाड हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आणि आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ. खेड्यातला महार बांधव तिथे बाजाराला तर येईच, शिवाय गावकामगार म्हणून सरकारी टपाल घेऊन येई, पाटील-कुलकर्ण्यांनी गोळा केलेला सारा कचेरीत भरायला येई. म्हणजे सरकारचेच काम करायला तो यायचा. पण तहान लागली तर समोरच्या तळ्याचे पाणी त्याला नाही. त्याने दूर आपल्या वस्तीतल्या विहिरीवर जायचे. ठराव होऊन तीन वर्षे झाली तरी यात काही फरक पडला नव्हता. १९२६ साली बोले यांनी कौन्सिलात आणखी एक ठराव मांडला. जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड ही सोय देणार नाही, तिचे सरकारी अनुदान बंद करावे, असा त्याचा रोख होता. ठराव राबवणे किती अवघड जात होते, हे त्यावरूनच समजते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आणि नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा तयारीत मोठा वाटा होता. परिषदेला पाणी लागणार, म्हणून चाळीस रुपये मोजून ते विकत घ्यावे लागले. तळे गावात, ठराव दप्तरात आणि पाणी मात्र विकतचे! २० तारखेला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन शांतपणे तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी जे कबूल केले होते, त्याची अंमलबजावणी नागरिकांनी स्वतः केली.

त्यानंतर गावात अफवा उठली, परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. तळ्याचे शुद्धीकरण म्हणून पंचगव्याच्या घागरी ओतण्यात आल्या. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या तारखेला, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. अध्यक्ष बाजूने असला तरी गावच्या दबावापुढे ठराव टिकतोच असे नाही. पंचायतीत बसणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

मंदीचा काळ आणि कोर्टाच्या तारखा

बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा महाडला सत्याग्रह ठरवला. त्याआधीच विरोधकांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट जुनी आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. हजारो माणसे जमलेली असतानाही बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्याच्या पाण्याला कुणी हात लावला नाही. दावा कायद्याच्या वाटेने लढायचा, हे त्यांनी ठरवले.

ती वाट फार लांबची निघाली. मध्येच जगावर महामंदी आली. १९२९ च्या अखेरीस अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि दोन-तीन वर्षांत आपल्याकडच्या धान्याचे, कापसाचे भाव निम्म्याच्या आसपास आले. सारा मात्र रोखीने भरायचा आणि सावकाराचे व्याजही थांबत नव्हते. बाजारात माल फिरेना की नगरपालिकेची जकात आटते, घरपट्टी थकते. अशा दिवसांत दिवाबत्ती, झाडलोट, गटारे, दवाखाना एवढे भागवतानाच लहान नगरपालिका मेटाकुटीला येते. आणि हात आखडला की आधी कुणाची सोय मागे पडते? ज्याचा सभागृहात आवाज नाही त्याची. हे मंदीतच होते असे नाही, पण मंदीत लवकर होते.

या काळात बाबासाहेबांचे आयुष्य बघा. २ मार्च १९३० ला आपल्या नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. त्याच वर्षअखेर बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेस गेले. महाडच्या कोर्टाचा निकाल ८ जून १९३१ ला त्यांच्या बाजूने लागला. विरोधक ठाण्याला अपिलात गेले. तेही १९३३ मध्ये फेटाळले गेले. मग प्रकरण मुंबई हायकोर्टात. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही आणि दावा पडला. नगरपालिकेच्या पहिल्या ठरावापासून मोजले तर तेरा वर्षे झाली होती. बांधाच्या वादात तारखा मारणाऱ्या शेतकऱ्याला तेरा वर्षे म्हणजे काय ते कळेल.

ग्रामपंचायतीबद्दलचा इशारा

याच धामधुमीत आणखी एक गोष्ट घडली, ती थेट आपल्या पंचायत मंडळींच्या कामाची आहे. १९३२ साली मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायतींचे विधेयक आले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत, ६ ऑक्टोबरला, बाबासाहेब या विधेयकावर बोलले. गावाला कारभार देण्याच्या नावाखाली गावातल्या बळकटांच्या हाती दुबळ्यांना देऊ नका, असा त्यांचा मुद्दा होता. दलितांना पंचायतीत राखीव जागा हव्यात, अशी त्यांनी मागणी केली. पंचायतीला न्यायनिवाड्याचे अधिकार देण्यालाही त्यांनी विरोध केला. ज्यांच्याशी रोजचे भांडण त्यांच्याचपुढे फिर्याद घेऊन उभे राहायचे, तर न्याय कसा मिळेल, ही त्यामागची भीती. महाडचा अनुभव ताजा होता. विधेयकाचा कायदा १९३३ मध्ये झाला.

काही जण म्हणतात, बाबासाहेब खेड्याच्या विरोधात होते. बंधूंनो, १९३७ साली मुंबई विधानसभेत त्यांनीच कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा निघाला, त्याचे नेतृत्व केले. त्यात कुणबी होते, महार होते. महाडचे टिपणीस आणि चित्रे हे दोघेही त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आलेले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे आले आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी झाली. पाणी आणि शेतकरी हे दोन्ही विषय त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत. खेडे त्यांना नको होते असे नाही, खेड्यातला शेवटचा माणूस उपाशी-तहानलेला राहणे त्यांना नको होते.

महाडचा ठराव घटनेत

स्वातंत्र्यानंतर घटना तयार झाली. तिचे पंधरावे कलम एकदा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मोठ्याने वाचा. सरकारी पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालवलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरण्यास जात-धर्माच्या कारणाने कुणालाही मज्जाव करता येणार नाही, असे त्यात आहे. बोले ठरावात हेच होते, महाडच्या ठरावात हेच होते. फरक एवढाच, की नगरपालिकेने आपला ठराव एका सभेत मागे घेतला, आणि हा मागे घेणे कुठल्याही गावाच्या हाती राहिले नाही. १९३२ ची राखीव जागांची मागणीही पुढे पक्की झाली. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात पंचायतीत जागा मिळाल्या. महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. बाबासाहेब हे पाहायला नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन महिने व्हायच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचे निधन झाले.

जयंतीला आपण हार घालतो, मिरवणूक काढतो. चांगलेच आहे. पण पंचायतीच्या माणसाने त्या दिवशी आणखी एक काम करावे. प्रोसिडिंग बुक काढून वर्षभराचे पाण्याचे ठराव बघावेत. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, एवढे सगळीकडे असते. त्यापुढे तीन गोष्टी आहेत का ते तपासावे : काम कुणी करायचे, पैसा कुठल्या शिलकीतून आणि किती तारखेपर्यंत. या तीन गोष्टी नसतील, तर तो ठराव महाडच्या १९२४ च्या ठरावासारखाच आहे.

दुसरे म्हणजे, नळयोजनेची पाहणी टाकीपाशी करू नये. पालखेडच्या चारीवर आवर्तनाचा खरा हिशेब टेलच्या शेतकऱ्याच्या बांधावर होतो, हे आपण शेतकरी जाणतोच. वरच्याचे पोट भरते आणि खालच्याची चारी कोरडी राहते. नळाचेही तसेच आहे. वस्तीतल्या शेवटच्या घरी जावे आणि तोटी फिरवून बघावी. उन्हाळ्यात टँकर आला तर तो आधी कुठे थांबतो हे बघावे. आणि घरपट्टी-पाणीपट्टी सगळ्यांकडून एकाच दराने घेतली जात असेल, तर पाण्याची वेळही सगळ्यांना सारखीच मिळायला हवी.

एवढे तपासून झाले, की जे राहिले ते येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. शेवटच्या घरी पाणी पोचले, की मगच त्या ठरावापुढे पूर्ण असा शेरा मारा.