हात राखून खेळणारी राणी

पत्त्यांच्या अड्ड्यावर बसलेल्यांना एक गोष्ट ठाऊक असते. दिवाळीत तीन पत्ती रंगली, की नवखा गडी पहिल्या दोन-चार डावांतच खिसा रिकामा करून उठतो. मुरलेला गडी मात्र सुरुवातीला हात आखडून बसतो. पानं बरी नसली की निमूटपणे खाली ठेवतो. पोकरच्या स्पर्धांतही हिशेब असाच असतो. सगळ्यांना सुरुवातीला सारख्याच चिप्स मिळतात आणि त्या संपल्या की खेळाडू बाद. म्हणून पहिल्या फेऱ्यांत कमाईपेक्षा टिकून राहणं मोलाचं.

हा हिशेब ऐकला की मला आमची ताराराणी आठवते. कोल्हापूरच्या कावळा नाक्यावरचा तिचा अश्वारूढ पुतळा पाहून ती आवेशानं तुटून पडणारी राणी वाटते. पण तिचं खरं बळ सोडून देण्यात होतं.

सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची ही लेक १६७५ मध्ये जन्मली. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले, तेव्हा तिचं वय अवघं पंचविशीचं आणि मुलगा शिवाजी चार वर्षांचा. समोर ऐंशी ओलांडलेला औरंगजेब, त्याचा अफाट खजिना आणि प्रचंड फौज. इथं एकाच मैदानात सर्वस्व पणाला लावलं असतं, तर स्वराज्य संपलं असतं.

तिनं तसं केलं नाही. बादशहा एकेका गडाला वेढा घालायचा. किल्लेदार महिनोन् महिने लढायचे आणि बऱ्याचदा घसघशीत रक्कम घेऊन गड खाली करायचे. १७०२ मध्ये विशाळगड असाच दोन लाख रुपये घेऊन सोडला. गड हाती आला खरा, पण परतीच्या वाटेवर आमच्या भागातल्या पावसानं मोगली फौजेची दैना केली. सातारा, पन्हाळा, सिंहगड, राजगड असे गड गेले. पण फौज आणि माणसं शाबूत राहिली. बादशहा वेढ्यांत अडकलेला असताना मराठी घोडी नर्मदा ओलांडून माळव्यात गेली. पुढं गेलेले गडही एकामागून एक परत आले. मार्च १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ वारला, तेव्हा तो थकला होता आणि ताराबाई डावात होती.

आणि नेमक्या याच वळणावर तिचा हात बदलला. मोगलांच्या कैदेतून शाहू सुटून आले. गड सोडणाऱ्या या राणीला गादी मात्र सोडवेना. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत तिनं सैन्य समोर उभं केलं. भरवशाचे धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि डाव उलटला. १७१० मध्ये तिनं पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली. १७१४ मध्ये सवत राजसबाईनं मायलेकांना कैदेत टाकून स्वतःच्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं. १७३१ च्या वारणेच्या तहानं कोल्हापूरची गादी मान्य झाली, तेव्हा ताराबाईचा तिच्याशी काही संबंध उरला नव्हता.

उतारवयातही ती खेळत राहिली. नातू म्हणून पुढं आणलेल्या रामराजाला तिनं १७५० मध्ये साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन तो आपला नातू नसल्याचं सांगितलं. इतकी मोठी पैज तिनं सुमारे पन्नास वर्षांपूर्वीच्या, म्हणजे औरंगजेबाशी झुंजणाऱ्या वयात लावली नसती, असं मला वाटतं. डिसेंबर १७६१ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, ती वारली.

शहाणपणाच्या हिशेबानं पाहिलं तर तिनं १७०७ मध्येच पानं खाली ठेवायला हवी होती. पण मग कोल्हापूरची गादीच झाली नसती, आणि त्या गादीवर पुढं आलेले राजर्षी शाहू महाराजही आम्हाला लाभले नसते. म्हणून कोल्हापूरकर म्हणून मला तिच्या त्या हट्टाला चूक म्हणवत नाही. मुलांना मात्र तिच्या पहिल्या सात वर्षांची गोष्ट आधी सांगावी. गड देऊन माणसं राखण्याची ती अक्कल आजही कामाला येते.