रामघाटावरून दिसलेला चित्रकार

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीबरोबर काशीला गेलो. त्याच महिन्यात डोळ्यांच्या तपासणीत माझा नंबर वाढलेला निघाला होता. एनडीएच्या मेडिकलला काय होईल, हा एकच विचार डोक्यात होता. रामघाटावर आजीचे स्नान झाल्यावर आम्ही नाव केली. तेव्हा काकांनी मोबाईलवर एक जुने चित्र दाखवले. काठ हाच, पण पंचगंगा घाटावरच्या मशिदीला दोन उंच मीनार. आज ते नाहीत. चित्रकार होता जेम्स प्रिन्सेप.

त्याचे आयुष्य नंतर वाचून काढले. जन्म १७९९ चा, इंग्लंडमधला. त्याला वास्तुशास्त्रज्ञ व्हायचे होते आणि तो शिकतही होता. पण डोळे अधू झाले व ते शिक्षण सुटले. वडिलांनी त्याला टांकसाळीतले धातू पारखण्याचे काम शिकायला घातले. १८१९ मध्ये तो कलकत्त्याला उतरला आणि पुढच्या वर्षी बनारसच्या टांकसाळीत पारखी म्हणून आला.

इथे तो दहा वर्षे राहिला. नोकरी नाणी तपासण्याची, पण या शहराने त्याला झपाटले. त्याने काशीचा नकाशा केला, शिरगणती केली. तुंबलेल्या तळ्यांचे पाणी काढायला जमिनीखालून कमानीचे भुयार बांधले, कर्मनाशा नदीवर दगडी पूल उभारला. ते मीनार पडायला आले होते, त्यांच्या दुरुस्तीतही त्याचा हात होता. (म्हणजे सावरले खरे, पण शेवटी टिकले नाहीत!) घाट, देवळे, सण, माणसे यांची त्याची चित्रे शिळाछापावर १८३० पासून तीन भागांत प्रसिद्ध झाली. ज्या डोळ्यांमुळे वास्तुकला सुटली, त्याच डोळ्यांनी त्याने काशीच्या इमारतींचे बारीक नक्षीकाम टिपले.

१८३० मध्ये बनारसची टांकसाळ बंद झाली. कलकत्त्याला परतल्यावर त्याने जुनी नाणी आणि शिलालेख हाती घेतले व १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला अशोक त्यानंतरच बोलू लागला. पण अतिश्रमाने प्रिन्सेप खचला. १८३८ मध्ये आजारी अवस्थेत तो मायदेशी गेला आणि १८४० मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, वारला.

त्याच्या नावाचा घाट आहे, पण काशीत नाही. कोलकात्यात, हुगळीच्या काठी.

माझी पुढची तपासणी जूनमध्ये आहे. आजीने रामघाटावर काय मागितले, ते मी विचारले नाही.