क्रिकेटपटू पळवणकर बाळू

रविवारी भेस्तानात मोकळी जागा दिसली की आपली पोरं टेनिस बॉलचा डाव मांडतात. कप्तान कोण, यावरून भांडणंही होतात. अशाच एका भांडणानंतर आम्हाला पळवणकर बाळू आठवले. त्यांना हिंदू संघाचं कप्तानपद कधीच मिळालं नाही, आणि कारण खेळ नव्हतं.

बाळूंचा जन्म धारवाडचा, घराणं मूळ कोकणातल्या पळवणचं, समाज चर्मकार. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. तिथे पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडणं, रोलर फिरवणं हे काम महिना 3 रुपयांवर मिळालं. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात 4 रुपये. सरावाला ग्रेगसाहेबांसारख्या नामांकित फलंदाजाला तासन् तास चेंडू टाकायचे. डावखुरी मंदगती फिरकी तिथेच घोटली गेली. बॅट मात्र साहेबांनी त्यांच्या हातात दिली नाही!

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांविरुद्ध गोलंदाज हवा होता, म्हणून बाळूंना घेतलं. मैदानावर सगळे तोच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं पानही वेगळं. विकेट चालत होत्या, पंगत चालत नव्हती.

प्लेगच्या काळात ते मुंबईला आले. रेल्वेत नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. आपल्यातले कितीतरी जण असेच कामासाठी गाव सोडून सुरतेला आले, त्यामुळे हा भाग आम्हाला जवळचा वाटतो. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्या संघात बाळू आणि धाकटे बंधू शिवराम दोघेही होते.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र खांदा दुखत असतानाही दौऱ्यात 114 बळी घेतले. परतल्यावर मुंबईत सत्कार झाला. तरुण आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी मोठा आदर होता.

तरी कप्तानपदाचा विषय निघाला की जात आडवी यायची. वर्षानुवर्षं मागणी झाली, निवड दुसऱ्याचीच झाली. अखेर 1923 साली धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि संघ जिंकला. बाळूंचं खेळण्याचं वय तोवर सरलं होतं.

पुढची गोष्ट जरा अवघड आहे. 1932 च्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. 1937 च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांसमोरच उभं केलं. बाबासाहेबांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. या उमेदवारीबद्दल त्यांना नावं ठेवणारे आहेत, आम्हाला ते पटत नाही. संयुक्त मतदारसंघ असावेत असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी उघड मांडलं.

1955 साली मुंबईत त्यांचं निधन झालं. विठ्ठलरावांचं ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र त्याआधीच आलं होतं. कुणाच्या घरी जुनी प्रत असेल तर आम्हाला जरूर कळवा.